अभ्यासदौरा नावाची सहल

'अभ्यासदौरा' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्यातील दोन पदे एकमेकांशी भांडतात, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. 'अभ्यास' हा संस्कृत शब्द. अभि आणि अस् यांपासून आलेल्या या शब्दात एखाद्या गोष्टीला पुन:पुन्हा भिडण्याचा अर्थ आहे. गायकाचा अभ्यास, मल्लाचा अभ्यास आपण म्हणतो तो याच अर्थाने. 'दौरा' फारसीच्या वाटेने आलेला अरबी शब्द. त्याचा अर्थ फेरी, चक्कर. ज्या ठिकाणी सव्वा तास थांबून पुढे निघायचे आहे, आणि जिथे बहुधा जन्मात पुन्हा पाऊल पडणार नाही, तिथला 'अभ्यास' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकांनी तरी विचारायला हवा होता. आम्ही तो विचारला नाही. उलट अशा एका दौऱ्यावर आम्ही स्वत: गेलो, आणि परतल्यावर त्याच्या प्रमाणपत्रांवर सह्याही केल्या. प्रस्तुत लेख ही एक तक्रार आहे आणि तिच्यातील पहिले आरोपी आम्ही आहोत, हे आरंभीच सांगितलेले बरे.

हकीकत अशी. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. जानेवारी २०१९ मध्ये आमच्या संस्थेने वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी सिंगापूर-मलेशियाचा 'आंतरराष्ट्रीय शैक्षणिक अभ्यासदौरा' काढला. शेहेचाळीस विद्यार्थी, सहा दिवस, पाच रात्री. ठरावीक विद्यार्थ्यांमागे एका शिक्षकाचा प्रवास पर्यटन कंपनी फुकट करून देते. हा व्यवहार शिक्षणक्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे आणि कुणी त्याविषयी बोलत नाही. वाणिज्य विभागातील दोन सहकाऱ्यांना अडचण आली म्हणून त्या दोन फुकट जागा आमच्याकडे चालत आल्या. आमच्यापैकी कुणीही तोवर देशाबाहेर पाऊल टाकलेले नव्हते. मोह झाला. गेलो.

कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक दिवसापुढे दोन रकाने होते: 'स्थलदर्शन' आणि 'उद्योगभेट'. पहिल्या रकान्यात मर्लायन, सेंटोसा बेट, क्वालालंपूरचे जुळे मनोरे, बातू गुंफांच्या २७२ पायऱ्या, गेंटिंगचे थंड हवेचे ठिकाण. दुसऱ्या रकान्यात तीन नोंदी होत्या. एक, सिंगापूरचे पाणी पुनर्प्रक्रियेचे केंद्र. दुसरी, एक 'चॉकलेट उद्योग'. तिसरी, एक 'रत्न व आभूषण उद्योग'. दुसरी आणि तिसरी भेट प्रत्यक्षात दुकानांना होती. चॉकलेटच्या 'उद्योगात' काचेपलीकडे दोन कामगार वड्या खोक्यांत भरत होते. ते पाहायला चार मिनिटे पुरली, आणि खरेदीला पंचेचाळीस मिनिटे दिलेली होती. रत्नांच्या 'उद्योगात' तेवढेही नव्हते. पर्यटकांची बस दुकानाच्या दारात नेऊन उभी करणे हा एक धंदा आहे, हे आम्हांला तिथे कळले. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी खरे तर त्या धंद्याचाच अभ्यास करायला हवा होता. बस कोण आणतो, विक्रीतला किती वाटा कुणाला जातो, दुकानातील किमती बाजारापेक्षा किती चढ्या असतात, या प्रश्नांवर एक उत्तम प्रकल्प झाला असता. पण ज्या व्यवहारात आपणच माल आहोत त्याचा अभ्यास कसा करायचा, हे आमच्या अभ्यासक्रमात नाही.

पाण्याच्या केंद्राची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि हा लेख आम्हांला लिहावा लागतो आहे तो त्या गोष्टीमुळे.

सिंगापूरला स्वत:च्या मोठ्या नद्या नाहीत. १९६२ च्या करारानुसार ते मलेशियातील जोहोरकडून पाणी घेते. त्या कराराची मुदत २०६१ पर्यंत आहे, आणि कच्च्या पाण्याचा दर हजार गॅलनला तीन सेन असा ठरलेला आहे. हे परावलंबन कमी करावे म्हणून त्या देशाने पावसाचे पाणी साठवले, समुद्राचे पाणी गोडे केले, आणि २००३ पासून वापरलेले सांडपाणी सूक्ष्म गाळणी, उलट परासरण आणि अतिनील किरण अशा तीन टप्प्यांतून शुद्ध करून 'न्यूवॉटर' या नावाने पुन्हा वापरात आणले. त्यातले बरेचसे पाणी कारखान्यांना जाते आणि काही जलाशयांत मिसळले जाते. त्या वेळच्या अभ्यागत केंद्रात एक तरुण मार्गदर्शिका हे सारे समजावून सांगत होती. आमची मुले मागे उभी राहून छायाचित्रे काढत होती.

तेवढ्यात लातूर जिल्ह्यातला एक विद्यार्थी पुढे झाला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी भरून लातूरला नेले गेले, तेव्हा तो शाळेत होता, आणि घागर घेऊन रांगेत उभा राहिलेला होता. त्याने आमच्याकडे वळून मराठीत विचारले, "सर, हे पाणी हजार लिटरला कितीला पडतं? आणि आपल्याकडे लोकांनी हे प्यायला नकार दिला तर? इथल्या लोकांची समजूत कशी घातली यांनी?"

सहा दिवसांत त्या शेहेचाळीस जणांपैकी कुणीही विचारलेले हे एकमेव खरे प्रश्न होते. त्यांत अर्थशास्त्र होते, समाजशास्त्र होते, आणि शेवटच्या प्रश्नात तर भाषेचा अभ्यासही होता. कारण सांडपाण्याला 'नवे पाणी' असे नाव देण्यात शब्दांची केवढी मोठी कामगिरी आहे, हे आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना तरी कळायला हवे होते. आम्ही तो प्रश्न मोडक्यातोडक्या इंग्रजीत मार्गदर्शिकेपुढे ठेवू लागलो. ती उत्तर देणार, इतक्यात टूर मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. पुढच्या 'उद्योगभेटी'ला उशीर होत होता. ती पुढची भेट म्हणजे चॉकलेटचे दुकान.

आम्ही काय केले? आम्ही त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "चल, नंतर बघू." शिक्षकाच्या तोंडचे 'नंतर बघू' म्हणजे काय असते, हे विद्यार्थ्यांना पहिलीपासून माहीत असते.

परतल्यावर प्रत्येकाने वीस गुणांचा अहवाल सादर केला. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस अहवालांचा आरंभ पर्यटन कंपनीच्या माहितीपत्रकातील वाक्यांनी झाला होता. मर्लायनचे छायाचित्र सर्वांत होते, पाण्याचा दर कुणातही नव्हता. लातूरच्या त्या विद्यार्थ्यानेही आपला प्रश्न अहवालात घातला नव्हता, कारण त्याचे उत्तर मिळालेले नव्हते, आणि अनुत्तरित प्रश्न लिहिला तर गुण जातात अशी त्याची समजूत होती. ती समजूत त्याला आम्हीच, म्हणजे आमच्या व्यवस्थेने, दिलेली आहे. सर्वांना अठरा किंवा एकोणीस गुण मिळाले. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फायलीत 'आंतरराष्ट्रीय उपक्रम' या शीर्षकाखाली छायाचित्रे जमा झाली. सारे कसे यथासांग पार पडले.

ज्यांना हा खर्च झेपणारा नव्हता त्यांच्यासाठी 'पर्यायी स्थानिक उद्योगभेट' होती. जवळच्या सहकारी साखर कारखान्याला एक दिवस. तिथे गेलेल्या एका विद्यार्थिनीने यंत्रांच्या माहितीवर दोन पाने लिहिली आणि मग ती फडात गेली. ऊसतोड करणाऱ्या जोडप्याला 'एक कोयता' का म्हणतात, हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत हिशेब कुणाच्या वहीत असतो, आणि ती वही कोयत्याला वाचता येते का, हे तिने विचारले होते. 'दोन माणसे मिळून एक कोयता, मग बाईची मजुरी कोणत्या नावाने लिहायची?' असे तिच्या अहवालाचे शेवटचे वाक्य होते. तिला चौदा गुण मिळाले. अहवालात छायाचित्रे नव्हती आणि कारखान्याचे बोधचिन्ह मुखपृष्ठावर नव्हते, म्हणून. ते चौदा गुण देणाऱ्यांत आम्ही नव्हतो. पण त्याविरुद्ध बोललेल्यांतही आम्ही नव्हतो.

आता आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप येतील ते आम्हांला ठाऊक आहेत. त्यांपैकी पहिला सर्वांत वजनदार आहे. खेड्यापाड्यातली मुले आयुष्यात प्रथमच विमानात बसतात, परका देश पाहतात, त्यांचा धीर चेपतो. तुम्ही त्यांच्या आनंदात माती का कालवता? हे म्हणणे आम्हांला मान्य आहे. विमान धावपट्टी सोडून वर उचलले गेले तेव्हा शेजारच्या मुलीने आमचा हात घट्ट धरला होता, आणि खरे सांगायचे तर आम्हीही तिचा धरला होता. तो आनंद खोटा नव्हता. पण त्या आनंदाचे मराठीत एक स्वच्छ, सुंदर नाव आहे: सहल. सहलीला कुणाची ना नाही. पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले होते. म्हणजे अभ्यासाचा अधिकृत शिक्का त्यांच्यापाशी होता. तरीही १९६० साली 'अपूर्वाई' लिहिताना त्यांनी पांडित्याचा आव आणला नाही. पहिल्यांदाच विलायत पाहणाऱ्या मराठी माणसाची गंमत त्यांनी गंमत म्हणूनच सांगितली. म्हणूनच ते पुस्तक प्रामाणिक राहिले. आमची तक्रार सहलीविरुद्ध नाही. सहलीला अभ्यासाचे नाव देऊन तिच्यावर गुण वाटण्याविरुद्ध आहे. ज्या क्षणी सहलीला गुण जोडले जातात, त्या क्षणी गुण विकत मिळू लागतात. एका पालकाने मुलाला पाठवण्यासाठी बँकेतली ठेव मोडली होती. 'अभ्यास आहे म्हणाले, मग नाही कसं म्हणू?' हे त्यांचे वाक्य आहे. 'सहल आहे' असे आम्ही सांगितले असते, तर ते निदान मोकळेपणाने नाही म्हणू शकले असते.

दुसरा आक्षेप असा की देशाटनाने माणूस शहाणा होतोच, त्याला अहवाल आणि प्रश्नावली कशाला हव्यात? यासाठी मोरोपंतांना साक्षीला बोलावण्याची पद्धत आहे. शाळेतल्या सहलीच्या निबंधाचा आरंभच त्यांच्या त्या सुप्रसिद्ध ओळीने होत असे. पण ती ओळ उद्धृत करणारे बहुधा पहिल्या शब्दांवरच थांबतात. मोरोपंतांनी देशाटनाच्या जोडीला विद्वानांची मैत्री, सभांतला वावर आणि शास्त्रग्रंथांचे वाचनही मोजले आहे. चारांतले एक उचलायचे, उरलेली तीन गाळायची, आणि चातुर्य मात्र पुरे मागायचे, हा हिशेब पंतांच्या नावावर खपवू नये.

तिसरा आक्षेप म्हणजे स्थलदर्शन आणि अभ्यास यांची सरमिसळ अटळच असते, तुम्ही अशक्य गोष्ट मागता आहात. ही सरमिसळ आम्हांलाही मान्य आहे, आणि ती फलदायी होऊ शकते याचा इतिहासातला दाखला आमच्यापाशी आहे. डिसेंबर १८७१ मध्ये जपानचे एक शिष्टमंडळ इवाकुरा तोमोमी यांच्या नेतृत्वाखाली योकोहामाहून निघाले. विद्यार्थी धरून शंभरावर माणसे होती. त्यांत सहा वर्षांची त्सुदा उमे ही मुलगीही होती, जिने पुढे १९०० साली तोक्योत स्त्रियांसाठी इंग्रजी शिक्षणाची संस्था काढली. हे मंडळ सप्टेंबर १८७३ मध्ये परतले. अमेरिका आणि युरोप मिळून बारा देश त्यांनी पाहिले. मँचेस्टर, ग्लासगो, बर्मिंगहॅम इथले कारखाने पाहिले, तसे स्कॉटलंडचे डोंगरही पाहिले, संग्रहालये, बागा आणि व्हिएन्नाचे जागतिक प्रदर्शनही पाहिले. म्हणजे कार्यक्रमपत्रिकेत दोन रकाने त्यांच्याही होते. पाश्चात्त्यांशी झालेले विषम करार बदलून घेण्याची बोलणी मात्र फसली. अमेरिकेत पोचल्यावर ध्यानात आले की वाटाघाटींचे पुरते अधिकारपत्रच सोबत नाही, आणि ते आणायला दोघांना परत तोक्योला जावे लागले.

मग ही मंडळी आमच्यापेक्षा वेगळी कशात ठरली? त्यांच्यासोबत कुमे कुनिताके नावाचा एक लेखनिक होता. जुन्या चिनी विद्येत मुरलेल्या या माणसाने पाहिलेले सारे टिपले, परतल्यावर पडताळले, आणि १८७८ साली पाच खंडांचा, शंभर प्रकरणांचा, शेकडो चित्रांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष पाहिलेले आणि त्यावरचे आपले मत यांत त्याने मजकुराच्या मांडणीतही फरक राखला. आणि तो वृत्तांत सरकारी कपाटात न राहता छापून विक्रीला आला. जे गेले नव्हते त्यांच्यासाठी. त्याच जपानने पुढे आपल्या शेजाऱ्यांवर साम्राज्य लादले, तेव्हा त्या दौऱ्यातून घेतलेले सगळेच धडे शहाणपणाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. पण प्रवासातून काय घेतले याची नोंद लोकांपुढे असली, तरच पुढच्यांना त्यातले चूक-बरोबर तपासता येते.

इतके लांब जायचीही गरज नाही. पंडिता रमाबाई १८८६ साली इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. निमित्त एका दिवसाचे होते. त्या अडीच वर्षांहून अधिक काळ तिथे राहिल्या, बालोद्यानाची शिक्षणपद्धती शिकल्या, गावोगाव व्याख्याने दिली, आणि १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत लिहिले. या शीर्षकातील शब्दांचा क्रम विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावा. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. राज्यपद्धती, शाळा, उद्योग, स्त्रियांची अवस्था यांवर त्यात स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालालाच बडोद्यास आणले. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या त्या त्यातून. राजाचे धन आपल्यापाशी नाही, हे खरे. पण रमाबाईंपाशी तरी ते कुठे होते? अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले, ते स्तालिनग्राडचा पोवाडा त्याच्या किती तरी वर्षे आधी लिहून. देश पाहण्याआधीच त्यांचे त्या देशाशी काही नाते, काही कुतूहल जुळलेले होते, आणि म्हणून 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला गेला.

या उदाहरणांपुढे आमचा सहा दिवसांचा दौरा ठेवताना आम्हांला संकोच वाटतो. पण काळाची आणि पैशाची तोकडी बाजू सोडून दिली तरी एक गोष्ट उरते, आणि ती फुकट आहे. परतल्यावर, जे आले नव्हते त्यांच्यापाशी हिशेब देणे. अभ्यासदौऱ्यात अभ्यास असतो तो इथे. विमानतळावर उतरल्यानंतर त्याचा आरंभ होतो, आणि आपल्याकडे नेमका तिथेच तो संपतो. हे केवळ महाविद्यालयांपुरते नाही. लोकप्रतिनिधी परदेशी अभ्यासदौऱ्यांवर जातात, शेतकऱ्यांना इस्राएल-नेदरलँड्सची शेती दाखवायला नेले जाते. त्यांपैकी कितींचा वृत्तांत एखाद्या सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलावर आपण पाहिला आहे? आम्ही तरी पाहिलेला नाही.

मराठीच्या प्राध्यापकांकडे यातला एक जास्तीचा दोष जातो. सिंगापूरच्या चार अधिकृत भाषांत तमिळ आहे. तिथल्या शाळांत इंग्रजीबरोबर प्रत्येकाला आपली 'मातृभाषा' शिकावी लागते, आणि तमिळ न बोलणाऱ्या भारतीय मुलांसाठी हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू हे पर्याय १९९० च्या सुमारास खुले झाले. त्या यादीत मराठी नाही. ज्या शहरात २०११ साली विश्व मराठी साहित्य संमेलन भरले, त्या शहरात मराठी घरातले मूल शाळेत 'मातृभाषा' म्हणून बहुधा हिंदी शिकते. ही गोष्ट आम्ही तिथे सहा दिवस असताना आम्हांला ठाऊकही नव्हती. आम्ही 'लिटल इंडिया'त जाऊन डोसा खाल्ला आणि तमिळ पाट्यांची छायाचित्रे घेतली. कुणा मराठी कुटुंबाला भेटावे, आपल्या भाषेचे तिथे काय चालले आहे ते विचारावे, हे सुचले नाही. पुढे दोन वर्षांनी वाचनातून हे कळले. म्हणजे जाऊन जे कळले नाही, ते घरी बसून कळले.

तेव्हा आमचे मागणे थोडके आहे. सहल असेल तर तिला सहल म्हणावे, आणि तिला गुण नसावेत. अभ्यास म्हणायचे असेल तर निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपला एक प्रश्न लेखी द्यावा, आणि त्या प्रश्नासाठी कार्यक्रमपत्रिकेतले एक दुकान वगळावे. परतल्यावरचा वृत्तांत न आलेल्या विद्यार्थ्यांसमोर वाचला जावा, आणि प्रश्न विचारण्याचा पहिला हक्क त्यांचा असावा. सोबत गेलेल्या शिक्षकांनी आपला वृत्तांत सर्वांत आधी लिहावा. फुकट तिकिटाची निदान तेवढी किंमत असावी.

आमचा वृत्तांत लिहायचा राहिला होता. तो हा. तो विद्यार्थी महाविद्यालय सोडून गेला, त्याला ताजमहालाएवढे मोठे काही नको होते, हजार लिटरचा दर हवा होता. तो आम्ही त्याला तिथे, उत्तर देणारी व्यक्ती समोर उभी असताना, मिळू दिला नाही. साखर कारखान्यावर लिहिणाऱ्या विद्यार्थिनीचा अहवाल मात्र आम्ही विभागाकडे मागून घेतला आहे. गद्यलेखनाच्या तासाला प्रथम वर्षाच्या वर्गात आता तो वाचून दाखवतो. त्यावर अजून चौदा हाच आकडा आहे. तो बदलण्याचा अधिकार आम्हांला नाही. वर्गात तो का पडला, हे मात्र दर वर्षी सांगतो.